पाणीपुरवठ्याची उद्दिष्टं ठरवताय? आधी टाकीत काठी घाला

मार्चमधली दुपार होती. मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमधून निरोप आला, "एसएलबीची टार्गेटं आजच पाठवायचीत, तक्ता भरून आणा." एसएलबी म्हणजे सर्व्हिस लेव्हल बेंचमार्क, पाण्यासारख्या शहरी सेवांसाठी केंद्रानं ठरवलेली मानकं. मी नोकरीत नवा. गेल्या वर्षीचा तक्ता काढला, प्रत्येक आकड्यात पाच-दहा टक्के वाढवले, जिथे रकाना रिकामा होता तिथे केंद्राचं मानक जसंच्या तसं उतरवलं आणि पाचच्या आत सही घेऊन मोकळा झालो. वर्षभरानं सर्वसाधारण सभेत एका नगरसेविकाबाईंनी तोच तक्ता हातात धरून विचारलं, "आमच्या गल्लीत पंचवीस मिनिटं पाणी येतं. तुमच्या कागदावर तीन तास कुठून आले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते तीन तास मी कधी मोजलेच नव्हते.

त्यानंतर दोन नगरपरिषदांत हे काम पुन्हा पहिल्यापासून केलं. त्यात जे कळलं ते इथे लिहितो. पाणीपुरवठ्याला नव्यानं लागलेले अभियंते, तक्ते भरण्याचं काम गळ्यात पडलेले लिपिक आणि पहिल्यांदाच पाणीपुरवठा समितीचे सभापती झालेले नगरसेवक, या तिघांना उपयोग व्हावा. दाखले, कचरा, दवाखाना या सेवांनाही हीच रीत लागू पडते, पण मी पाण्यात काम केलंय, तेव्हा उदाहरणं पाण्याचीच.

बसण्याआधी हे जमवा:

- पंपहाऊसचं लॉगबुक, निदान गेल्या बारा महिन्यांचं
- महावितरणची वीजबिलं, त्याच बारा महिन्यांची
- नळजोडण्यांची यादी, वॉर्डवार, मीटर असलेल्या आणि ठोक दरानं बिल होणाऱ्या वेगळ्या
- पाणीपट्टीची मागणी आणि वसुली, चालू आणि थकबाकी वेगवेगळी
- तक्रार नोंदवही (एकच असेल असं समजू नका)
- पाणी तपासणीचे अहवाल
- वॉलमनची, म्हणजे झोनवार पाण्याच्या चाव्या फिरवणाऱ्याची, वही. ती ऑफिसात नसते, त्याच्या खिशात असते.
- एक लांब वेळूची काठी, मीटर टेप, खडू

शेवटची ओळ गमतीनं लिहिलेली नाही.

१. कायद्यानं बांधलेलं आधी वेगळं काढा

नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. काही मुदती आपण ठरवायच्या नसतात, त्या ठरलेल्या असतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली तुमच्या नगरपरिषदेच्या ज्या सेवा अधिसूचित आहेत, त्यांची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि दोन्ही अपील अधिकारी फलकावर लावलेले असतात. मुदत चुकली आणि कारण पटलं नाही, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा नवीन नळजोडणीसारख्या अधिसूचित सेवेला "वास्तववादी" म्हणून कायद्यापेक्षा सैल मुदत लिहू नका. कमी दिवस लिहायचे तर खुशाल लिहा.

आणखी एक कायदा लोक विसरतात, २००५ चा, सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा आणि कामातल्या विलंबाचा. त्यात कोणतीही फाइल एका टेबलावर साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं म्हटलंय. याचा उपयोग पुढे पाचव्या पायरीत होईल, लक्षात ठेवा.

सापळा: अर्ज मुदतीत निकाली निघाला असं दाखवायला शेवटच्या दिवशी "त्रुटी" काढून परत करायचा. मुदत पूर्ण अर्जापासून मोजली जाते, त्यामुळे कागदावर सगळं मुदतीत दिसतं आणि माणूस तिसऱ्यांदा झेरॉक्स काढत फिरतो. म्हणून माझ्या तक्त्यात मी एक जादा रकाना ठेवतो: पहिल्यांदा अर्ज घेऊन आला त्या दिवसापासून तोटीला पाणी आलं त्या दिवसापर्यंत किती दिवस. तो आकडा वर पाठवायचा नसतो. आपल्यासाठी असतो.

२. आजचा आकडा मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन आठवडे लागतील, लागू द्या.

बऱ्याच लहान गावांत टाकीच्या तोंडाला बल्क मीटर, म्हणजे एकूण पाणी मोजणारा मोठा मीटर, नसतो, असला तर बंद असतो. मग "रोज किती पाणी देतो" याचं उत्तर असं काढलं जातं: पंपाच्या पाटीवर लिहिलेला विसर्ग गुणिले चालवायचे तास. पण पाटी पंप नवा असतानाची असते आणि तास ठरलेले असतात, चाललेले नसतात.

आम्ही काय केलं ते सांगतो. हिशेब कळावा म्हणून आकडे गोल केलेत. गाव ३८,००० वस्तीचं, म्हणजे क वर्ग नगरपरिषद. पंपाच्या पाटीवर तासाला १ लाख ९० हजार लिटर. कागदावर २० तास पंपिंग. गुणाकार ३८ लाख लिटर, दरडोई १०० लिटर. तक्ता सुंदर दिसत होता.

मग एका सकाळी मोठ्या उंच टाकीवर चढलो. सोबत वॉलमन होते. इतर टाक्यांच्या चाव्या बंद केल्या, म्हणजे पंपाचं सगळं पाणी या एकाच टाकीत येईल, आणि या टाकीची खाली गावात जाणारी चावीही तासभर बंद. टाकीचा आतला व्यास १२ मीटर, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ साधारण ११३ चौरस मीटर. लेव्हल इंडिकेटरचा तरंगता डबा कधीच गंजून अडकलेला, म्हणून झाकणातून काठी सोडली, ओली खूण झाली तिथे खडूची रेघ मारली. बरोबर एक तासानं पुन्हा काठी. पाणी १.३ मीटर चढलं होतं. ११३ गुणिले १.३ म्हणजे १४७ घनमीटर, म्हणजे १ लाख ४७ हजार लिटर. पाटीपेक्षा ४३ हजार कमी, दर तासाला. वॉलमन खालूनच म्हणाले होते, "साहेब, तेवढं पाणी येतच न्हाई." त्यांना बावीस वर्षं माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

तासांचंही तसंच. लॉगबुकात रोज २०, पण वीजबिलातली युनिटं पंपाच्या किलोवॅटनं भागली तर १७ च्या आसपास येत होते. लॉगबुक पाळी संपताना एकदम भरलं जातं, त्यात लाइट गेलेली, ट्रिप झालेली वेळ राहून जाते. वीजबिल मात्र कुणाच्या सोयीनं भरत नाही.

१ लाख ४७ हजार गुणिले १७, झाले जवळपास २५ लाख. ३८,००० माणसांत दरडोई ६६ लिटर, आणि तेही टाकीपर्यंत. पुढची गळती अजून धरलेलीच नाही.

(टाकीवर एकट्यानं चढू नका. शिडीचे गज हलवून बघा. झाकणातून वाकायचं नाही, काठी लांब असते ती त्यासाठीच.)

पुरवठ्याचे तास मोजायची रीत वेगळी. वॉलमनच्या वहीतली वेळ ही चावी फिरवल्याची असते. शेवटच्या घराच्या तोटीला पाणी पोचल्याची नसते. प्रत्येक झोनच्या अगदी टोकाची तीन-चार घरं निवडा आणि त्यांना विनंती करा: भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशेब लिहिता तिथेच, आठ दिवस पाणी आलं ती वेळ आणि गेलं ती वेळ लिहा. एवढं काम लोक आनंदानं करतात. एका आजींनी तर "करंगळीएवढी धार" असा शेराही लिहिला होता, आणि तो आमच्या कुठल्याही रकान्यात बसत नव्हता. दाबाची खात्री करायची तर एवढंच विचारा, मोटर न लावता पहिल्या मजल्यावर पाणी चढतं का.

सापळा: सरासरी. एका झोनला तीन तास आणि दुसऱ्याला वीस मिनिटं, तर सरासरी दीड तासाच्या वर जाते आणि दोघांनाही ती आपली वाटत नाही. दिवसाआड दोन तास पाणी म्हणजे रोजचा एकच तास, हेही विसरलं जातं. सरासरी लिहायची तर शेजारी सगळ्यात वाईट झोनचा आकडा लिहाच.

३. केंद्राची मानकं समोर ठेवा, पण उतरवू नका

२००८ साली केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं सेवांची मानकं ठरवून दिली, त्यांनाच आपण एसएलबी म्हणतो. तेराव्या वित्त आयोगानं, म्हणजे २०१० ते २०१५ या काळात, कामगिरी अनुदान मिळवायच्या अटींत अशी उद्दिष्टं राजपत्रात प्रसिद्ध करण्याची अट घातली आणि राज्यभर तक्ते भरायची घाई सुरू झाली. पाण्याची मानकं नऊ आहेत: नळजोडण्यांची व्याप्ती १०० टक्के, दरडोई रोज १३५ लिटर, मीटरिंग १०० टक्के, महसुलाविना जाणारं पाणी २० टक्क्यांपर्यंत, पुरवठा २४ तास, पाण्याची गुणवत्ता १०० टक्के, तक्रार निवारण ८० टक्के, खर्चाची भरपाई १०० टक्के, वसुली ९० टक्के.

हे शेवटचं ठिकाण आहे. पुढच्या मार्चचं स्टेशन कुठलं, हे तुम्ही सांगायचंय.

१३५ लिटरचंच बघा. १९९९ च्या केंद्रीय पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये १३५ हा आकडा भुयारी गटार असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहरांसाठी आहे. नळ आहेत पण भुयारी गटार नाही अशा गावाला तिथे ७० लिटर धरलेत. यामागचं कारण साधं आहे. दिलेल्या पाण्यातलं बरंचसं सांडपाणी होऊन बाहेर पडतं. उघड्या गटारी आधीच तुंबलेल्या गावात पाणी दुप्पट केलं तर डासही दुप्पट होतात. आमच्या गावात भुयारी गटाराचा प्रस्ताव मंत्रालयात होता, गावात नव्हता. त्यामुळे ६६ वरून थेट १३५ लिहिणं हे खोटं तर होतंच, शिवाय चुकीचंही होतं.

याच एसएलबीमध्ये एक चांगली गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. प्रत्येक आकड्यापुढे विश्वासार्हतेची श्रेणी लिहायची असते, ए ते डी. मीटरनं मोजलेलं असेल तर ए, अंदाजपंचे असेल तर डी. बहुतेक लहान गावांचं गळतीचं प्रमाण हे डी श्रेणीचं असतं, कारण टाकीला मीटर नाही, घरांना मीटर नाही, अर्धा इंची जोडणीला ठोक पाणीपट्टी. मग "गळती ४२ वरून ३५ टक्क्यांवर आणू" याला काय अर्थ? ४२ कुठून आले तेच माहीत नाही.

अशा वेळी पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट टक्क्यांत लिहू नका. असं लिहा: "तिन्ही टाक्यांच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर मीटर बसवणं, एका झोनमधल्या सगळ्या जोडण्यांना मीटर बसवणं, श्रेणी डी वरून बी." हे पूर्ण झालं की नाही, कुणीही जाऊन बघू शकतो.

४. पाणी नक्की कुठे अडतं ते शोधा

जॅकवेल (नदी-धरणातलं पाणी जिथून पंपानं उचलतात ती विहीर), रायझिंग मेन (पंपापासून पाणी वर नेणारी मोठी लाइन), फिल्टर प्लांट, शुद्ध पाण्याचे पंप, टाकी, वितरण लाइन, तोटी. ही साखळी कागदावर काढा आणि प्रत्येक कडीसमोर तिची क्षमता आणि आज तिथून जाणारं पाणी लिहा. सगळ्यात अरुंद कडी जेवढं सोडेल तेवढंच पाणी गावाला मिळणार.

आमचा फिल्टर प्लांट ४० लाख लिटरचा होता आणि त्यातून २५ लाख जात होते. म्हणजे प्लांट अडवत नव्हता. सभेत मात्र दरवर्षी नव्या प्लांटचा ठराव व्हायचा. अडत होतं दोन ठिकाणी: झिजलेला पंप आणि जाणारी वीज.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा मांडा. धरणातून पाणी घेत असाल तर आरक्षण जलसंपदा खात्याकडे, आणि मे महिन्यात जॅकवेलची पातळी तुमच्या हातात नाही. म्हणून मी वर्षाचं एकच उद्दिष्ट लिहीत नाही. जुलै ते फेब्रुवारी एक ओळ, मार्च ते जून दुसरी. "वर्षभर रोज पाणी" असं लिहून एप्रिलात दिवसाआडवर यायचं, यापेक्षा "उन्हाळ्यात दिवसाआड, पण ठरल्या वेळी आणि निदान एक तास" हे लोकांना चालतं. लोकांचा खरा राग वेळ न सांगता पाणी सोडण्यावर असतो. बाई कामाला गेल्यावर पाणी सुटलं तर ते तिच्यासाठी सुटलंच नाही.

५. आता आकडा

प्रत्येक उपायासमोर दोन प्रश्न लिहा: यानं किती वाढेल, आणि हे कुणाच्या हातात आहे?

पंपाचं इम्पेलर (आतलं पाणी ढकलणारं फिरतं चाक) बदलून दुरुस्ती केली तर तासाला १ लाख ६५ हजार लिटर मिळतील, असं दुरुस्ती करणाऱ्यानं सांगितलं. १७ तासांनी गुणलं तर २८ लाख, दरडोई ७४ लिटर. हे नगरपरिषदेच्या हातात. एक्स्प्रेस फीडर (फक्त पंपासाठीची स्वतंत्र वीजलाइन) मिळाला तर १७ चे २० तास होतील, दोन्ही मिळून ३३ लाख, दरडोई ८७. पण फीडर महावितरणच्या हातात, पैसे जिल्हा नियोजनाच्या.

आम्ही लिहिलं ७२. ७४ मधून दोन सोडले, कारण दुरुस्तीवाल्याचं पूर्ण खरं धरायचं नसतं. फीडरचे तास धरलेच नाहीत, खाली वेगळी ओळ लिहिली: "फीडर कार्यान्वित झाल्यापासून तीन महिन्यांत ८५." दुसऱ्याच्या हातातलं काम तुमच्या उद्दिष्टात मिसळलंत, की वर्षअखेरीस दोष कुणाचा हे कळत नाही आणि कुणालाच कळू नये अशी बऱ्याच जणांची इच्छाही असते.

मग तारीख. इथे नवे लोक हमखास फसतात. पंप दुरुस्तीला पंधरा दिवस लागतात म्हणून मे अखेर लिहितात. आता फाइल मोजा: तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, लेखा विभाग, निविदा, दर जास्त आले तर फेरनिविदा, कार्यादेश. मघाचा कायदा म्हणतो एका टेबलावर सात दिवस. तुमच्या ऑफिसात प्रत्यक्षात किती लागतात ते जुन्या दोन फाइलींच्या टिपणी-पानांवरच्या तारखांवरून काढा. आमच्याकडे टेबलं सहा निघाली. शिवाय मध्ये आचारसंहिता लागू शकते, आणि गणपती-दिवाळीच्या आठवड्यांत कुठलाही ठेकेदार फोन उचलत नाही. आम्ही तारीख लिहिली ३१ डिसेंबर. साहेब म्हणाले, "एवढा वेळ?" मी जुन्या फाइलीची पानं दाखवली. डिसेंबरच राहिला.

वसुलीचा आकडा काढताना दोन गोष्टी. ९० टक्के हे मानक चालू मागणीचं आहे. थकबाकी वसूल झाली ती त्यात मिसळायची नाही, नाहीतर एखाद्या वर्षी १०४ टक्के वसुली दिसते आणि ऑडिटवाले हसतात. आणि वर्षाच्या उद्दिष्टाला बारानं भागून महिन्याचं काढू नका. पाणीपट्टी लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतात, नळ तोडायची नोटीस हातात पडल्यावर. गेल्या तीन वर्षांची महिनावार वसुली बघा आणि त्याच उतारानं महिन्याचे आकडे पाडा. तसं केलं नाही तर वसुली लिपिक पहिले नऊ महिने "मागे" राहतो आणि नंतर तक्ता बघणंच सोडून देतो.

६. जिथे घासाघीस नाही

गुणवत्ता. "या वर्षी ८५ टक्के नमुने पिण्यायोग्य, पुढच्या वर्षी ९०" असं उद्दिष्ट मी एका तक्त्यात पाहिलंय. उरलेल्या १५ टक्क्यांचं पाणी कुणी प्यायचं? इथे उद्दिष्ट १००. टप्प्यानं वाढवायची ती नमुन्यांची संख्या आणि ठिकाणं.

आणि नमुना टाकीखालच्या तोटीचा घ्यायचा नाही. तिथे क्लोरीन मिळणारच. टोकाच्या घरी ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळी छटा येते का बघा. तोटीला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. जिथे टिल्लू पंप लावून पाणी ओढतात आणि लाइन गटाराला खेटून जाते, तिथे आधी जा.

७. तक्रारी

एसएलबी म्हणतं, ८० टक्के तक्रारी २४ तासांत सुटाव्यात. आधी हे बघा की तक्रारी येतात कुठे. ऑफिसातली नोंदवही, अभियंत्याचा मोबाइल, वॉलमनची वाट अडवून केलेली तक्रार, नगरसेवकाच्या घरची बैठक, व्हॉट्सॲप ग्रुप. नोंदवहीत महिन्याला चाळीस दिसत होत्या. सगळं एका ठिकाणी लिहायला लागलो तर तिसऱ्या महिन्यात तिप्पट झाल्या. अध्यक्ष घाबरले, "तुम्ही आल्यापासून तक्रारी वाढल्या!" तक्रारी तेवढ्याच होत्या, आता त्या दिसत होत्या.

म्हणून एक सांगून ठेवतो, "तक्रारींची संख्या कमी करणे" हे उद्दिष्ट कधीही लिहू नका. ते गाठायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फोन न उचलणे.

तक्रारींचे प्रकार पाडा. पाणी आलं नाही, याचा निकाल त्याच दिवशी लागला पाहिजे, बहुतेक वेळा चावीच राहिलेली असते. गल्लीतली गळती २४ तासांत. गळती बांधकाम खात्याच्या रस्त्याखाली असेल तर खोदाईची परवानगी लागते, तिला वेगळी मुदत द्या. नाहीतर ती एक तक्रार तुमचं सगळं टक्केवारीचं गणित बिघडवते. बिलाची चूक ही वॉलमनची तक्रार नव्हे, तिचा रकाना वेगळा. आणि जुलैचा पहिला आठवडा "गढूळ पाणी"चा असतो, त्या महिन्याची तुलना जानेवारीशी करू नका.

मग गेल्या शंभर तक्रारी घ्या, सुटायला लागलेल्या तासांनुसार लहान ते मोठी अशा रांगेत लावा. पन्नासावी किती तासांत सुटली? नव्वदावी किती? आमची पन्नासावी १९ तासांत होती, म्हणजे बरं चाललं होतं. नव्वदावी अकरा दिवसांत. वर्षाचं उद्दिष्ट आम्ही नव्वदावीसाठी लिहिलं: अकरावरून पाच दिवस. गावातली सगळी शिवीगाळ त्या शेवटच्या दहांमधून येत होती.

८. मोजणार कोण

ज्याचं काम मोजायचं त्यानंच आकडा भरायचा, अशी आपली पद्धत आहे. एकदा तक्रार नोंदवही उघडली तर एकतीस नोंदींपुढे "निकाली" लिहिलेलं, सगळं एकाच निळ्या पेननं, एकाच वळणानं, वेळ सगळीकडे साडेपाच. शनिवार होता. सोमवारी आढावा होता.

मी नोंदवही भरणाऱ्या मुलाला रागावलो नाही. आम्ही त्याला ८० टक्के मागितले होते, त्यानं ८० टक्के दिले. त्यानंतर एक साधी गोष्ट सुरू केली: दर महिन्याला निकाली नोंदींतल्या कुठल्याही दहा निवडायच्या आणि पाणी विभागाबाहेरच्या माणसानं, आमच्याकडे जन्म-मृत्यू विभागातल्या बाई होत्या, तक्रारदाराला फोन करायचा. "काम झालं का?" एवढंच. पहिल्या महिन्यात दहापैकी चार जण "कसलं काम?" म्हणाले. सहाव्या महिन्यापर्यंत एखादाच.

आकडा चुकला म्हणून वॉलमनची पगारकपात करायची सूचना येईल, नगरसेवकांकडून हमखास येते. मान्य करू नका. ज्या दिवशी पहिली कपात होईल त्या दिवसापासून त्याची खिशातली वही बंद होईल आणि तुम्ही पुन्हा पाटीवरच्या १ लाख ९० हजारांवर याल.

९. वाईट आकडा सभेत कसा मांडायचा

गेल्या वर्षी कागदावर १०० लिटर, यंदा तुम्ही म्हणताय ६६. विरोधक म्हणणार, चौतीस लिटर कुणी खाल्ले? हे गृहीत धरूनच जा.

सभेच्या आधी मुख्याधिकारी आणि अध्यक्ष दोघांना वेगवेगळं भेटून काठीचा हिशेब दाखवा. सभेत ऐकून त्यांना धक्का बसता कामा नये. जुना आणि नवा आकडा एकाच पानावर, शेजारी मोजण्याची पद्धत आणि श्रेणी, म्हणजे जुना डी, नवा त्यापेक्षा बरा. शक्य असेल तर सभेच्या दोन दिवस आधी सभापतींना टाकीखाली उभं करून मोजणी पुन्हा करून दाखवा. आमच्या सभापतींनी स्वतः काठी मोजली, आणि सभेत माझ्याऐवजी तेच बोलले.

कुणीतरी मलकापूरचं उदाहरण देईल, कराडजवळचं. तिथे लहान गावात मीटर लावून चोवीस तास पाणी दिलंय, आपल्याला का नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की तिथे घरोघरी मीटर आहेत आणि वापराप्रमाणे बिल आहे. आपण मीटरचा ठराव दोनदा तहकूब केलाय. नागपूरनंही एकदम शहरभर उडी मारली नाही, आधी धरमपेठ झोनमध्ये करून पाहिलं. तेव्हा चोवीस तास हवे असतील तर एक झोन द्या, मीटरसह. आमच्या सभेत यानंतर जरा शांतता पसरली आणि मग एका वॉर्डाचे नगरसेवक म्हणाले, "माझ्याकडे करा." तुमच्याकडे तसा एखादा निघतोच, त्याचं नाव इतिवृत्तात लिहून घ्या.

१०. फळा

पाणीपट्टी भरायच्या खिडकीशेजारी एक फळा लावा. त्यावर पाचच ओळी: या महिन्यात दरडोई लिटर, सगळ्यात कमी वेळ पाणी मिळालेला झोन आणि त्याची मिनिटं, नव्वदाव्या तक्रारीला लागलेले दिवस, टोकाच्या घरांतल्या ओटी टेस्ट किती झाल्या आणि किती नापास, पंपदुरुस्तीची फाइल आज कुठल्या टेबलावर आहे. प्रत्येक ओळीसमोर वर्षाचं उद्दिष्ट.

फळा ऑइलपेंटनं रंगवू नका. नागरिकांची सनद तशी रंगवलेली आहे, तिच्यावर बदली होऊन गेलेल्या तीन साहेबांची नावं अजून आहेत. खडू वापरा, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला पुसून नव्यानं लिहायचं काम एकाच माणसाला नावानिशी द्या. आमच्याकडे फाइलच्या टेबलाची ती पाचवी ओळ दुसऱ्याच महिन्यात लेखा विभागानं पुसायला सांगितली. पुसली नाही. फाइल मात्र तीन दिवसांत पुढे सरकली.